जेट विमानाचा झोत आणि विमानतळावरील माणसे



विमानप्रवासातील धोक्यांचा विषय निघाला म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे आकाश उभे राहते. वादळी ढग, मध्येच बंद पडलेले इंजिन, धुक्यात हरवलेली धावपट्टी अशी चित्रे मनात येतात. परंतु विमानाच्या आयुष्याचा बराच भाग जमिनीवर जातो, आणि जमिनीवर ते जेवढ्या माणसांच्या गराड्यात वावरते तेवढ्या गराड्यात ते आकाशात कधीच नसते. सामान चढविणारे हमाल, इंधन भरणारे कामगार, बसचालक, सफाई कामगार, तंत्रज्ञ, आणि शिडीवरून उतरून बसकडे निघालेले प्रवासी हे सारे विमानापासून काही पावलांवर असतात. अशा वेळी इंजिन चालू असलेले विमान हे एक प्रचंड वारा निर्माण करणारे यंत्र असते. हा वारा डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्याच्या हातून तो सुटतो त्या वैमानिकाला तो कोणावर जाऊन आदळला हेही दिसत नाही. या व्याख्यानात त्या वाऱ्याचा, म्हणजे जेटच्या झोताचा, विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी मुख्यतः दिल्लीचा विमानतळ घेतला आहे. कारण विमानतळ वाढत गेला म्हणजे हा प्रश्न कसा बदलत जातो, हे तेथे स्पष्ट दिसते.

प्रथम जागेची ओळख करून घ्यावी. विमाने उभी करण्यासाठी इमारतीसमोर काँक्रीटचे जे विस्तीर्ण पटांगण असते त्याला एप्रन किंवा रॅम्प असे म्हणतात. या पटांगणावर प्रत्येक विमानाची जागा रंगाच्या रेघांनी आखलेली असते. पटांगणापासून धावपट्टीपर्यंत जाणाऱ्या रस्त्यांना टॅक्सीवे म्हणतात, आणि स्वतःच्या इंजिनांच्या बळावर या रस्त्यांवरून विमानाने चालत जाणे म्हणजे टॅक्सी करणे. मोटारीचे इंजिन चाके फिरविते, आणि चाके रस्त्याला मागे रेटून गाडी पुढे नेतात. विमानाच्या चाकांना असे कोणतेही बळ नसते. ती केवळ वजन पेलतात, वळतात आणि थांबतात. विमान जमिनीवरही पुढे सरकते ते मागे हवा फेकूनच. म्हणूनच ज्या यंत्राची रचना दहा किलोमीटर उंचीवर उडण्यासाठी केली, तेच यंत्र माणसांनी गजबजलेल्या पटांगणात चालविल्याशिवाय विमानाला जागेवरून हलता येत नाही. या साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

भारतात हा प्रश्न जेट विमानांबरोबर आला. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने १९६० मध्ये आली, इंडियन एअरलाइन्सची कॅराव्हेल विमाने १९६४ मध्ये देशांतर्गत मार्गांवर धावू लागली, आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ हे प्रचंड विमान एअर इंडियाच्या ताफ्यात दाखल झाले. दिल्लीची मुलकी विमानवाहतूक १९६२ मध्ये सफदरजंगहून पालमला हलविण्यात आली. त्या काळच्या पालमवर विमाने मोजकी होती आणि मोकळी जागा भरपूर होती. झोत निघाला तरी तो बहुधा रिकाम्या काँक्रीटवरून वाहून विरून जाई. १९८६ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले आणि विमानतळाला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. २००८ मध्ये तिसरी धावपट्टी, २०१० मध्ये ७८ हवाई पूल असलेले तिसरे टर्मिनल, आणि जुलै २०२३ मध्ये चौथी धावपट्टी अशी वाढ होत गेली. आता वर्षाला सात कोटींहून अधिक प्रवासी या विमानतळाचा वापर करतात. विमाने वाढली, टर्मिनले वाढली. परंतु दोन विमानांमधील अंतर काही त्या प्रमाणात वाढले नाही. जागा तीच, तीत उभी राहणारी विमाने अधिक, आणि प्रत्येक विमानाभोवती धावणारी वाहने व माणसे त्याहून अधिक, अशी ही स्थिती आहे.

आता झोताचे स्वरूप पाहू. आधुनिक जेट इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक मोठा पंखा असतो. हा पंखा जी हवा आत ओढतो तिच्यातील थोडाच भाग इंजिनाच्या गाभ्यात जातो. तेथे ती दाबली जाते, इंधनाबरोबर जळते आणि तप्त होऊन मागे बाहेर पडते. उरलेली बहुतेक हवा गाभ्याच्या बाहेरून, न जळताच मागे फेकली जाते. एअरबस ए-३२० निओ या विमानाला बसविल्या जाणाऱ्या एका इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या सुमारे बारा पट हवा अशी बाहेरून जाते, आणि त्याच्या पंख्याचा व्यास दोन मीटरहून अधिक आहे. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-३०० ईआर विमानाच्या इंजिनाचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा असून अशी दोन इंजिने त्याला असतात. पूर्ण शक्तीवर यातील प्रत्येक इंजिन सुमारे बावन्न टनांचा रेटा देते.

एप्रनवर अर्थातच कोणी पूर्ण शक्ती वापरीत नाही. परंतु जी वापरली जाते ती किती असते, याचा हिशेब उद्बोधक आहे. उभे विमान हलविण्यासाठी साधारणतः त्याच्या वजनाच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतका रेटा लागतो. साडेतीनशे टनांचे भरलेले ७७७ विमान घेतले तर साडेतीन ते सात टन रेटा लागेल. दोन्ही इंजिनांच्या एकूण शक्तीच्या मानाने हा फारच थोडा आहे. कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाला आपण थ्रॉटल जेमतेम पुढे सरकविल्यासारखे वाटते. परंतु हे काही टनांचे बळ निर्माण होते ते तेवढ्याच बळाने हवा मागे फेकून, आणि ती हवा मागे असलेल्या माणसांवरच जाते. शिवाय एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. उभे विमान हलविण्यास जितका जोर लागतो तितका ते चालू लागल्यावर लागत नाही. बैलगाडीचे रुतलेले चाक बाहेर काढताना बैलांना जसा क्षणभर अधिक जोर लावावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून झोताचा सर्वांत मोठा धोका विमान जागेवरून सुटण्याच्या क्षणी असतो, आणि तो क्षण नेमका गर्दीच्या पटांगणातच येतो.

इंजिनातून बाहेर पडलेला झोत जसजसा मागे जातो तसतसा तो रुंदावतो आणि मंदावतो. ढोबळ मानाने असे म्हणता येईल, की अंतर दुप्पट झाले म्हणजे झोताचा वेग निम्मा होतो. तीस मीटरवर ताशी शंभर किलोमीटर वेग असलेला झोत साठ मीटरवर ताशी पन्नास, आणि एकशेवीस मीटरवर ताशी पंचवीस किलोमीटर राहील. आता वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी पन्नास किलोमीटर वाऱ्यात समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसावर सुमारे नऊ-दहा किलोग्रॅम वजनाइतका जोर पडतो. तो पुढे वाकून उभा राहू शकेल. ताशी शंभर किलोमीटर वाऱ्यात हाच जोर पस्तीस ते चाळीस किलोग्रॅमपर्यंत जातो. बेसावध माणूस तेव्हा उभा राहत नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईत वाऱ्याच्या झोतांचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता आणि शहरात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली होती. त्या वादळाची सूचना आधी मिळाली होती. विमानामागून चालणाऱ्या हमालाला तशी सूचना कोण देणार, हा प्रश्न आहे.

सामानाची गोष्टही तशीच आहे. मोठ्या विमानाच्या पोटात सामान भरण्यासाठी ॲल्युमिनियमच्या ज्या पेट्या वापरतात त्यांतील एक नेहमीची पेटी रिकामी असता सुमारे पाऊणशे किलो भरते. तिची एक बाजू साधारण अडीच चौरस मीटरची असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्या बाजूवर दीडशे किलोच्या आसपास जोर पडतो. म्हणजे पेटीच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. गाडीवरची कडी लावलेली नसेल तर अशी पेटी काँक्रीटवरून घसरत सुटते, आणि वाटेत माणूस असो वा दुसऱ्या विमानाचे इंजिन असो, त्यावर जाऊन आदळते. तीच गत चाके असलेल्या शिड्यांची, रिकाम्या ट्रॉल्यांची आणि ताडपत्र्यांची. झोताने होणाऱ्या इजांत प्रत्यक्ष वाऱ्याने पडून होणाऱ्या इजांबरोबरच वाऱ्याने फेकलेल्या वस्तूंनी होणाऱ्या इजाही मोजाव्या लागतात.

या बाबतीत एक गैरसमज आढळतो. नवी इंजिने जुन्यांपेक्षा पुष्कळच शांत आहेत, तेव्हा त्यांचा झोतही सौम्य असला पाहिजे, असे अनेकांना वाटते. पदार्थविज्ञान मात्र निराळे सांगते. जुने इंजिन थोडी हवा फार वेगाने फेकीत असे. नवे इंजिन पुष्कळ हवा त्या मानाने कमी वेगाने फेकते. आवाज वेगामुळे होतो, म्हणून तो घटला. परंतु विमान हलविण्यासाठी लागणारा रेटा तेवढाच आहे, आणि इंजिनापासून बरेच दूर गेल्यावर झोताचा वेग मुख्यतः या रेट्यावरच अवलंबून असतो. म्हणजे चाळीस-पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला नव्या विमानाचा धक्का जुन्याइतकाच बसेल, फक्त त्याची चाहूल कमी लागेल. त्यातच एप्रनवरील कामगार कानांना आवाजरोधक लावून काम करतात. ते आवश्यकच आहे, अन्यथा काही वर्षांत बहिरेपण येईल. परंतु त्यामुळे धोक्याची सूचना देणारे एक ज्ञानेंद्रिय जवळजवळ बंद होते. उष्णतेचेही असेच आहे. झोतातील उष्णता लवकर विरून जाते. वाऱ्याचा जोर त्यानंतरही बराच दूरवर टिकतो. गरम वाटत नाही म्हणून धोका नाही, असे मानणे चुकीचे ठरते.

विमान उत्पादक आपल्या प्रत्येक विमानासाठी झोताचे नकाशे प्रसिद्ध करतात. विमानाची वरून दिसणारी आकृती काढून तिच्यामागे लांबट पानाच्या आकाराच्या रेषा काढलेल्या असतात, आणि प्रत्येक रेषेवर तेथील वाऱ्याचा वेग लिहिलेला असतो. बोइंगच्या नकाशांत सर्वांत बाहेरची रेषा ताशी पस्तीस मैलांची, म्हणजे छप्पन्न किलोमीटरची, असते. इंजिन केवळ चालू आहे तेव्हाचा, विमान हलविण्यासाठी जोर लावला तेव्हाचा आणि उड्डाणाच्या वेळचा असे निरनिराळे नकाशे असतात. या तिन्ही नकाशांतील पानांची लांबी पाहिली म्हणजे थ्रॉटलच्या थोड्याशा हालचालीने धोक्याचा प्रदेश कसा पसरतो ते ध्यानात येते. विमानतळाची आखणी करणारे अभियंते हे नकाशे समोर ठेवून वाहनांचे रस्ते, विमानांच्या जागा आणि भिंती यांची योजना करतात.

परंतु नकाशातील विमान सरळ उभे असते, प्रत्यक्षातील विमान वळते. विमान वळताना त्याचे शेपूट बाहेरच्या बाजूला फिरते, आणि त्याबरोबर झोतही, अंधारात कोणी विजेरी फिरवावी तसा, पटांगणावरून फिरत जातो. जी जागा क्षणापूर्वी सुरक्षित होती तेथे तो येऊन पोहोचतो. अरुंद वळणावर वैमानिकाला एका बाजूच्या इंजिनाला अधिक जोर द्यावा लागतो, त्यामुळे तो झोत आणखी तीव्र होतो. विमान वळणातच थांबले तर प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण ते पुन्हा हलविण्यासाठी सुटण्याचा जोर पुन्हा लावावा लागतो, आणि तोही शेपूट नको त्या दिशेला असताना. म्हणून दाट वस्तीच्या एप्रनवर विमानाला मध्येच थांबविणे टाळावे, आणि थांबवावेच लागले तर त्याच्यामागे काय आहे ते पाहूनच पुन्हा सोडावे, असा संकेत आहे. मोठ्या विमानांत वैमानिकाला बहुधा स्वतःच्या पंखाचे टोक नीट दिसत नाही, तेव्हा शेपटामागचे दिसणे दूरच राहिले. ज्याच्या हाती बळ आहे त्याला दृष्टी नाही, आणि ज्यांना दृष्टी आहे त्यांच्या हाती बळ नाही, ही या परिस्थितीतील मूळ अडचण होय.

दिल्लीच्या विमानतळावर जुलै २०१७ मध्ये घडलेली घटना या दृष्टीने बोलकी आहे. एका कंपनीचे प्रवासी बसमध्ये बसले होते. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीच्या विमानाचा झोत त्या बसवर आला आणि तिच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. काही प्रवासी जखमी झाले. या घटनेत विमान कोठे आदळले नाही, आग लागली नाही, कोणतेही यंत्र बिघडले नाही. एक विमान आपल्या मार्गाने निघाले होते आणि एक बस आपल्या मार्गाने चालली होती. दोहोंचे मार्ग एकमेकांना कोठेही स्पर्श करीत नव्हते. स्पर्श केला तो वाऱ्याने. दूरच्या जागेवर उभ्या राहिलेल्या विमानातून प्रवाशांना बसने नेण्याची पद्धत जेथे आहे, तेथे प्रत्येक बस अशा कित्येक अदृश्य रेषा ओलांडीत जाते, हे त्या दिवशी काचांच्या तुकड्यांनी दाखवून दिले.

इंजिनाच्या पुढच्या बाजूचा धोका याहून भीषण आहे, आणि झोताचा विचार करताना तो विसरून चालणार नाही. मागे जी हवा फेकली जाते ती पुढून ओढलेली असते. बोइंग ७३७ सारख्या मध्यम विमानाचे इंजिन केवळ मंद गतीने चालू असतानाही त्याच्या तोंडाभोवतीचे सुमारे तीन मीटरचे क्षेत्र निषिद्ध मानले जाते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या एअरबस ए-३१९ विमानाजवळ काम करणारा एक तंत्रज्ञ इंजिनात खेचला जाऊन मृत्यू पावला. विमान ट्रॅक्टरने मागे ढकलून झाले होते आणि ते स्वतःच्या बळावर निघण्याच्या बेतात होते. ट्रॅक्टर, हेडफोन लावलेला माणूस आणि वैमानिक या तिघांमध्ये ज्या क्षणी सूत्रांची देवघेव होते, तोच क्षण सर्वांत नाजूक असतो. विमान निघाले असे वैमानिकाला वाटावे आणि माणूस अजून विमानापाशीच असावा, एवढीच चूक पुरेशी असते.

बाहेरच्या जगातील एक उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगण्याजोगे आहे. कॅरिबियन समुद्रातील सिंट मार्टेन बेटावर धावपट्टीचे टोक समुद्रकिनाऱ्याला लागून आहे. उड्डाण करणाऱ्या विमानांचा झोत अंगावर घेण्यासाठी प्रवासी तेथे कुंपण धरून उभे राहत. धोक्याच्या पाट्या लावलेल्या होत्या. जुलै २०१७ मध्येच न्यूझीलंडहून आलेली एक महिला अशीच कुंपणाला धरून उभी असता झोताने मागे फेकली गेली आणि डोक्याला मार लागून मरण पावली. पाटी लावल्याने धोका टळत नाही, हा या घटनेचा धडा आहे. वारा ही माणसाच्या रोजच्या परिचयाची गोष्ट आहे. विस्तवाला हात लावू नये हे मूलही जाणते. परंतु वाऱ्याने माणूस मरू शकतो, हे प्रौढ माणसालाही चटकन पटत नाही.

झोताचा आणखी एक परिणाम लगेच दिसून येत नाही. काँक्रीटच्या फटींतील खडे, तुटलेले बोल्ट, सामानाच्या पट्ट्यांचे तुकडे अशा वस्तू झोताबरोबर उडून टॅक्सीवेवर अथवा दुसऱ्या विमानाच्या तोंडाशी जाऊन पडतात. पॅरिसजवळ २५ जुलै २००० रोजी काँकॉर्ड विमानाचा जो अपघात झाला त्याचे मूळ आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीत होते. त्यात ११३ माणसे मृत्युमुखी पडली. ती पट्टी झोताने तेथे आली नव्हती. परंतु पटांगणावरील क्षुल्लक तुकड्याचे मोल किती असू शकते हे त्यावरून कळते. एप्रन झाडणाऱ्या कामगाराचे काम हे विमान सुरक्षिततेचेच काम आहे, असे म्हणण्यात मुळीच अतिशयोक्ती नाही.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय आखणीचा. विमान टर्मिनलकडे नाक करून उभे करावयाचे आणि निघताना ट्रॅक्टरने मागे ढकलावयाचे, ही पद्धत मोठ्या विमानतळांवर रूढ झाली त्यामागे जागेची बचत हे कारण आहेच. पण त्यामुळे विमान स्वतःच्या बळावर इमारतीसमोर वळत नाही आणि काचा व माणसे झोतापासून वाचतात, हाही लाभ आहे. मात्र ढकलून झाल्यावर शेपूट कोणत्या दिशेला ठेवावे आणि कोणत्या खुणेपर्यंत ओढून नेल्यावर इंजिनाला जोर द्यावा, हे प्रत्येक जागेसाठी आधी ठरवून लिहून ठेवावे लागते. दुसरा उपाय भिंतींचा. झोत वर वळविणाऱ्या वक्राकार पत्र्याच्या किंवा जाळीच्या भिंती १९५० नंतरच्या दशकात विमानतळांवर दिसू लागल्या आणि विमाने मोठी होत गेली तशी त्यांची उंचीही वाढली. भिंत झोत नाहीसा करीत नाही, ती त्याला माणसांच्या डोक्यावरून वळविते.

दिल्लीत जुलै २०२३ मध्ये खुला झालेला पूर्वेकडील उन्नत टॅक्सीवे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखा आहे. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा हा जोडमार्ग विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्यांवरून जातो आणि उत्तर व दक्षिण बाजूंना जोडतो. तिसऱ्या धावपट्टीपासून पहिल्या टर्मिनलपर्यंत विमानाला पूर्वी सुमारे नऊ किलोमीटर चालावे लागे, ते अंतर त्यामुळे दोन किलोमीटरवर आले. विमान जितके कमी चालेल तितके कमी इंधन जळेल आणि तितका कमी वेळ झोत जमिनीवर राहील. परंतु ज्या पुलाखालून मोटारी जातात त्यावरून जेट विमान नेणे म्हणजे झोताचा प्रश्न विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यापर्यंत नेणेही होय. असा पूल बांधताना त्याच्या कडांचा विचार त्याच्या खांबांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तिसरा उपाय विमान चालविण्याच्या पद्धतीत आहे, आणि येथे एका चांगल्या हेतूचा दुसऱ्या चांगल्या हेतूशी विरोध येतो. इंधन वाचविण्यासाठी दोन इंजिनांपैकी एकच चालू ठेवून टॅक्सी करण्याची पद्धत अनेक कंपन्यांनी स्वीकारली आहे. खर्च आणि धूर दोन्ही त्यामुळे कमी होतात. परंतु विमान हलविण्यास लागणारा रेटा तेवढाच राहतो, तो सारा आता एकाच इंजिनातून द्यावा लागतो. म्हणून त्या एका इंजिनामागचा झोत अधिक तीव्र असतो. जड विमान, चढाचा मार्ग, अरुंद वळण आणि मागे माणसे अशी स्थिती असेल तेथे ही काटकसर महागात पडू शकते. नियमाने तिला सरसकट परवानगी देणे किंवा सरसकट बंदी घालणे यांपैकी काहीच योग्य नाही. कोणत्या जागेवर ती चालेल हे जागेनुसार ठरवावे लागते.

इंजिन न वापरताच विमान धावपट्टीपर्यंत नेण्याचा मार्गही शोधला जात आहे. टॅक्सीबॉट नावाचे एक ट्रॅक्टरसारखे यंत्र विमानाचे पुढचे चाक उचलून धरते आणि वैमानिक कॉकपिटमधूनच त्याला दिशा देतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे एक ए-३२० विमान प्रवाशांसह अशा यंत्राच्या साहाय्याने नेण्यात आले. या जातीच्या विमानासाठी असा वापर जगात प्रथमच झाला. या पद्धतीत एप्रनवर झोत जवळजवळ उरतच नाही. यंत्राची किंमत, त्याला परत येण्यासाठी लागणारा मार्ग आणि गर्दीच्या वेळेचे गणित या अडचणी आहेत. परंतु झोताशी झुंजण्याऐवजी तो निर्माणच होऊ न देणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, यात संशय नाही.

चौथा उपाय माणसांचा, आणि तो सर्वांत जुना आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानाच्या पाठीवरचा व पोटाखालचा लाल दिवा लुकलुकू लागतो. तो दिसत असेपर्यंत विमानाजवळ जावयाचे नाही आणि त्याच्यामागून जावयाचे नाही, हा एप्रनवरचा पहिला धडा आहे. चाकांना ठोकळे लागले, इंजिने थांबली, दिवा विझला, मगच पुढे व्हावयाचे. दिल्लीच्या हिवाळ्यात दाट धुके पडते तेव्हा हा दिवा काही पावलांवरूनही नीट दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत खोळंबलेल्या विमानांची गर्दी पटांगणावर सर्वाधिक असते. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर काम करणाऱ्या माणसाचे लक्ष थकव्याने ढळते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर पाय आणि ट्रॉली दोन्ही सहज घसरतात. ऋतूंचा हा फेरा कोणत्याही नकाशात काढलेला नसतो.

या सर्वांवर घड्याळाचा ताण असतो. कमी दराने प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांचा सारा हिशेब विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडविण्यावर उभा असतो. त्या अर्ध्या तासात प्रवासी उतरवावयाचे, सामान काढावयाचे, इंधन भरावयाचे, झाडून घ्यावयाचे आणि पुन्हा सारे भरावयाचे असते. दोन मिनिटे वाचविण्यासाठी लोडर विमानाला वळसा घालण्याऐवजी शेजारच्या चालू विमानाच्या मागून ट्रॉली नेतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि हेच अधिक धोकादायक असते. कारण शंभर वेळा काही न झाल्याने एकशेएकाव्या वेळी ती वाट सुरक्षित ठरत नाही, उलट ती सवय होते. यातील पुष्कळ माणसे कंत्राटावर काम करतात आणि वारंवार बदलतात. अनुभवी माणसाला जे अंगवळणी पडलेले असते ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवावे लागते. त्याला भीती घालून चालत नाही, कारण समजावून द्यावे लागते. ज्याने एकदा रिकामी पेटी झोतात सरकताना पाहिली, किंवा वेगाच्या वर्गाचा तो साधा नियम ज्याला कोणी त्याच्या भाषेत समजावून सांगितला, तो माणूस पाटीशिवायही थांबतो.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न उरतो. झोताने कोणी जखमी झाले म्हणजे वैमानिकाने जोर अधिक लावला, बसचालक चुकीच्या वेळी आला किंवा नियंत्रकाने चुकीची सूचना दिली, अशी कारणे शोधली जातात. चौकशीत ती आवश्यकही असतात. परंतु वैमानिकाला मागचे दिसत नाही, बसचालकाला वारा दिसत नाही, आणि नियंत्रक दूर मनोऱ्यात बसलेला असतो. प्रत्येकाच्या ठायी चित्राचा एकेक तुकडा आहे. तो पुरा करण्याचे काम त्या तिघांपैकी कोणा एकाच्या दक्षतेवर सोपविणे न्यायाचे नाही. रस्त्याच्या आखणीत, विमान ढकलण्याच्या खुणेत, सूचनेच्या ठरावीक शब्दांत आणि कामगाराच्या शिक्षणात ते आधीच झालेले असले पाहिजे. विमानतळाची मोठी वाढ प्रवाशांच्या संख्येने मोजण्याची पद्धत आहे. त्याच पटांगणावर पहाटे कामावर आलेली माणसे संध्याकाळी धडधाकट घरी परतली की नाहीत, हेही त्या वाढीचे एक माप आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही मापाहून कमी महत्त्वाचे नाही.